गाडी बंद पडली, आता ऐकायचं कोणाचं? भुकूमच्या वाटेवरचा एक रविवार



या आठवड्याच्या व्हिडिओत भुकूमच्या ऑफरोड ड्राइव्हची गोष्ट सांगितली. बोलण्याच्या ओघात आकडे आणि तांत्रिक भाग घाईत उरकला गेला, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा. मध्ये एक हिशेब आहे आणि त्यात चूक माझी आहे.

आधी गोष्ट. आमच्या बॅचमधला एक तरुण पावसाळ्यात रविवारी ऑफरोड ग्रुप ड्राइव्ह काढतो. मुळशी तालुक्यातलाच मुलगा, वाटा पायाखालच्या. लोक आपापली फोर बाय फोर घेऊन येतात, हा पुढे राहून त्यांना कच्च्या वाटांवर फिरवून आणतो. नाश्ता, जेवण, फोटो, माणशी नाही तर गाडीमागे पैसे. छान धंदा आहे. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, मग भुकूम. शहरातल्या माणसाला तासाभरात चिखल लागतो, त्याला अजून काय हवं?

जुलैचा रविवार होता. ग्राहकांच्या सात गाड्या, पुढे याची आठवी. मी पाहुणा, सहाव्या गाडीत बसलेलो. खाटपेवाडीच्या अंगाला, जिथून रामनदी उगम पावते त्या बाजूच्या डोंगराकडे जाणारी एक अरुंद वाट. डावीकडे नुकतीच लावणी झालेली भातखाचरं, उजवीकडे चढ. तीनला दहा कमी असताना पाचवी गाडी थांबली. चाळीसेक वर्षांची जुनी जीप, मालकाने जिवापाड जपलेली. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलत नाही.

मग जे झालं ते तुम्ही लग्नाच्या मांडवातही पाहिलं असेल. सगळे उतरले आणि सगळे तज्ज्ञ झाले. एक म्हणाला क्लच गेला. दुसरा म्हणाला, धक्का मारून चढाच्या वर काढू. तिसऱ्याने दोर मागितला. दोर, शॅकल, सगळं सामान होतं आमच्या म्होरक्याच्या गाडीत, म्हणजे सगळ्यात पुढे. मध्ये चार गाड्या, वाट एका गाडीची. तो सामान खांद्यावर घेऊन चिखलातून चालत निघाला. तोवर इकडे चार जण जीपच्या मागे धक्का द्यायला उभे राहिले. त्यांत एक मी.

मालकाने हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली आणि पायाचा ब्रेक सोडला. जीप मागे आली. चार फूट असेल, पाच असेल. तो ओरडून पुन्हा ब्रेकवर उभा राहिला म्हणून मी आज हा लेख लिहितोय. माझ्या शेजारच्याचा पाय चाकापासून वीतभर लांब होता.

आता यातलं तंत्र नीट समजून घ्या, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. त्या जीपचा मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला होता. फोर बाय फोर लावलेलं नव्हतं, 'वर गेल्यावर लावू' असं मालकाच्या मनात होतं. म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जात होती आणि तो दुवाच तुटला. गाडी गिअरमध्ये टाकली तरी इंजिन चाकांना धरू शकत नाही, कारण मध्ये जोडच नाही. आणि हँडब्रेक? जुन्या विलीज घराण्यातल्या कित्येक जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे त्याच शाफ्टवर असतो. शाफ्ट तुटला की हँडब्रेकही गेला. दोन्ही आधार एकाच वेळी जातात आणि चालवणाऱ्याला वाटतं दोन्ही आहेत. चढावर थांबलेल्या गाडीच्या चाकांमागे पहिल्या मिनिटात मोठे दगड लावायचे असतात ते यासाठी. दोष काय आहे हे कळायच्या आधी. त्या दिवशी आम्ही आठ गाड्यांची माणसं होतो आणि एकानेही दगड उचलला नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो. सामान येईपर्यंत धीर न धरलेल्या एकाने आपली गाडी खाचरातून घालून पुढे काढायचा प्रयत्न केला. बांध फुटला, पाणी वाहून गेलं, लावलेली रोपं चाकाखाली गेली. शेतकरी आला. त्याचं बोलणं मी लिहीत नाही, पण त्याचं बरोबर होतं. शेवटी त्याच्याच ट्रॅक्टरने टोचन करून जीप मागे घेतली. डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा सात वाजायला वीस मिनिटं होती. जुलैत इकडे सव्वासातच्या आसपास सूर्य मावळतो, त्या दिवशी ढगांमुळे साडेसहालाच अंधारलं होतं. दोन ग्राहक न जेवता, रागावून निघून गेले आणि पैसे परत मागितले.

हिशेब

त्याच्या वहीतला त्या दिवसाचा हिशेब त्याच्या परवानगीने देतो. जमा: सात गाड्या, प्रत्येकी २५०० रुपये, एकूण १७,५००. खर्च: टोइंगची गाडी ६०००, बांधाची नि रोपांची भरपाई २०००, दोघांचे परत केलेले ५०००. हे झाले १३,०००. शिवाय खाण्यापिण्याचे ३५०० आणि त्याच्या गाडीचं डिझेल ८००. राहिले २००. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत राबून दोनशे रुपये, वर चारचौघांत बदनामी.

आता माझी चूक. मार्च महिन्यात वर्गात त्याने खर्चाचा तक्ता आणला होता. त्यात दोन ओळी होत्या: ताफ्याच्या शेवटी चालणारी दुसरी गाडी तिच्या ड्रायव्हरसह, आणि त्या गाडीत सामानाचा दुसरा संच. मी लाल पेनने दोन्ही खोडल्या. 'सुरुवातीला खर्च कमी ठेव, ग्राहक वाढले की बघू,' असं म्हणालो. हेच वाक्य मी बेकरीवाल्याला सांगतो, शिवणकाम करणाऱ्या ताईंना सांगतो, आणि तिथे ते बहुतेक वेळा चालतं. इथे चाललं नाही. कारण त्याच्या धंद्यात गाडी बंद पडणं हा अपघात नाही, तो मालाचाच भाग आहे. दगडधोंड्यांतून आठ गाड्या न्यायच्या म्हटल्यावर कुठली तरी बंद पडणारच. ग्राहक चिखलाचे पैसे देत नाही, चिखल फुकट आहे. चिखलातून कोणीतरी बाहेर काढेल याचे पैसे तो देतो. मी खर्च म्हणून जे खोडलं तोच त्याचा माल होता.

गाडी थांबल्यावर पहिली दहा मिनिटं

या धंद्यात नसाल तरी हा भाग वाचा. मित्रांबरोबर हौसेने जाणारे बरेच जण आहात हे मला माहीत आहे.

पहिली गोष्ट माणसं. गाडीच्या वर-खाली उतारावर कोणी उभं राहायचं नाही. चाकांना दगड. मग म्होरक्या येईपर्यंत बाकीच्यांनी आपल्या गाडीपाशी थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडे दुसऱ्याच्या बॉनेटमध्ये डोकं घालणं हा जन्मसिद्ध हक्क आहे.

टोयोटाच्या कारखान्याचं उदाहरण मी नेहमी देतो. तिथे लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही खटकलं तर तो दोरी ओढून इशारा देऊ शकतो. पण पुढे काय करायचं यावर दहा कामगार चर्चा करत नाहीत. टीम लीडर येतो, बघतो, ठरवतो. ड्राइव्हमध्येही असंच ठेवा. 'थांबा' म्हणायचा हक्क सगळ्यांना, अगदी मागच्या सीटवरच्या पोरालाही. ठरवणारा एक.

त्या एकाने आधी हे ओळखायचं की नक्की काय झालंय. गाडी फक्त अडकली आहे का? तो बिघाड नाही. टायरमधली हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवली, चाकापुढची माती काढली, की निम्म्या गाड्या दोराशिवाय निघतात. (परत डांबरीवर यायच्या आधी हवा भरायची, पंप बरोबर हवा.) गाडी सुरूच होत नाही? मोठमोठी कारणं शोधण्याआधी बॅटरीचे टर्मिनल हलवून बघा. खडबडीत वाटेवर ते सैल होतात, आणि दहा नंबरच्या पान्याने दोन मिनिटांत काम होतं. सुरू आहे पण चालत नाही, म्हणजे आमच्या जीपसारखं, तर खाली वाकून शाफ्ट बघा. आणि चालते पण ब्रेक किंवा स्टीअरिंग गेलंय, तर ती गाडी कोणी कितीही बढाया मारल्या तरी चालवायची नाही.

पाण्याचं वेगळं सांगतो, कारण जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात महागडी चूक तिथेच होते. ओढ्यात गाडी बंद पडली तर चावी पुन्हा फिरवू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबायला जातो, पाणी हवेसारखं दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. ओला असेल तर विषय संपला, गाडी थेट गॅरेजला. २०२० च्या थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याची खोली सांगते. लोक तो आकडा पाठ करून येतात. पण ओढ्याच्या पाण्याला ओढ असते आणि तळातला खड्डा वरून दिसत नाही. आधी काठी घेऊन माणूस चालत जाईल, मग गाडी. माणसाला चालत जाता येत नसेल तर गाडीही नाही.

आता दोर. ताणला जाणारा कायनेटिक दोर अडकलेल्या गाडीला झटक्याने काढायला असतो. बिघडलेली गाडी ओढत न्यायला न ताणणारा पट्टा लागतो. ही अदलाबदल रोज होते. आणि दोन्ही लावायचे ते गाडीच्या चासीला धरलेल्या हुकला. बंपरला नाही, आणि मागे ट्रेलरसाठी जो गोळा असतो त्यालाही कधीच नाही. ताणलेला दोर सुटला तर तो लोखंडी गोळा बंदुकीच्या गोळीसारखा येतो, परदेशात यात माणसं गेली आहेत. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा जाड रजई टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. व्हिडिओ तिथून काढा, झूम आहे मोबाइलला.

बाकी जुगाड मला आवडतात आणि त्यांना नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. चेंबरला भेग पडली तर एम-सील, होजपाइप फाटला तर टेप आणि क्लिप. आमच्या जीपचंही एक जुगाड होतं, ते आम्हाला नंतर कळलं. तुटलेला मागचा शाफ्ट पूर्ण सोडवून काढायचा, फोर बाय फोर लावायचं, आणि पुढच्या चाकांच्या जोरावर गाडी सावकाश खाली आणायची. अशा जुन्या जीपला हे चालतं. अर्ध्या तासाचं काम. ते कोणाला माहीत होतं? त्या शेतकऱ्याच्या मुलाला. तो बांधावर उभा राहून बघत होता, आम्ही कोणी त्याला विचारलंच नाही.

एक वेळेची मर्यादाही ठेवा. वीस मिनिटांत दोष सापडला नाही, तर दुरुस्तीचा नाद सोडून गाडी ओढायची की बांधून ठेवून माणसं खाली न्यायची हे ठरवा.

पॉलिसी उघडून बघा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. आपल्याकडच्या खासगी कारच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेला असतो. म्हणजे क्रॉस तुटला, क्लच जळला, तर तो खर्च मालकाचा. पाण्यात इंजिन गेलं तर बहुतेक वेळा त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं असावं लागतं. अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायचा खर्च मिळतो, पण जुन्या टॅरिफच्या शब्दांत त्याची मर्यादा १५०० रुपये आहे. वर बघितलंत ना, आमचं टोइंग ६००० ला पडलं. रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर ती गाडी कच्च्या वाटेवर येते का, की डांबरीवरच थांबते, हे आधी फोन करून विचारा.

आणखी एक अट लोकांना माहीत नसते. बंद पडलेली गाडी योग्य काळजी न घेता बेवारस सोडायची नाही, आणि दुरुस्ती न करता चालवली तर वाढलेलं नुकसान तुमच्या जोखमीवर. म्हणून गाडी डोंगरात सोडून यायची वेळ आली तर दगड, कुलूप, फोटो आणि शक्य असेल तर राखणीला एक माणूस.

धंदा करणाऱ्यांसाठी खास: खासगी पॉलिसीत भाड्याने वापर, आयोजित शर्यत, रिलायबिलिटी ट्रायल हे सगळं वगळलेलं असतं. तुमच्या जाहिरातीत 'चॅलेंज', 'रेस' असले शब्द असतील तर उद्या ग्राहकाचा क्लेम अडकल्यावर तो जाहिरातीचं कात्रण घेऊन तुमच्या दारात येईल. आणि स्वतःच्या खासगी नंबरच्या गाडीत पैसे घेऊन माणसं बसवत असाल तर ते आजच बंद करा. वाट कोणाच्या सातबाऱ्यातून जाते, कुठे वनखात्याची हद्द लागते, हेही तुम्हालाच माहीत हवं. ग्राहक विचारणार नाही, पण अडचणीत तुमच्यामुळे येईल.

त्याने काय बदललं

नंतर आम्ही दोघं बसलो. तो रागावलेला नव्हता, याचंच मला जास्त वाईट वाटलं. खोडलेल्या दोन्ही ओळी परत लिहिल्या. शेवटी चालणारी गाडी आणि तिच्यात सामानाचा पूर्ण दुसरा संच. सामान एकाच टोकाला असेल तर अरुंद वाटेवर ते अर्ध्या ताफ्यासाठी नसल्यासारखंच. नवखी किंवा जुनी गाडी मध्ये, दमदार गाड्या दोन टोकांना. प्रत्येक ड्रायव्हरने आरशात मागची गाडी बघायची, दिसली नाही तर थांबायचं. डोंगरामागे मोबाइलला रेंज जाते, म्हणून परवाना लागत नाही अशा बँडचे वॉकीटॉकी.

पैशांचं असं केलं: फी २५०० वरून २८००. वरचे ३०० त्याने वेगळ्या खात्यात टाकायचे, हात लावायचा नाही. सात गाड्यांचे एका ड्राइव्हला २१००, तीन ड्राइव्हचे ६३००. म्हणजे दर तिसऱ्या ड्राइव्हला एक टोइंग गेलं तरी खिशाला झळ नाही. मला धाकधूक होती की ग्राहक कुरकुर करतील. त्याने व्हॉट्सअॅपवर सरळ लिहिलं की हे ३०० रुपये कशाचे आहेत. एकानेही घासाघीस केली नाही. उलट एकाने विचारलं, 'आधी का नव्हते घेत?'

सुट्या भागाचा आणि गॅरेजचा खर्च गाडीमालकाचा, डांबरीपर्यंत आणायचा खर्च आयोजकाचा, शेताचं नुकसान ज्याच्या चाकाने झालं त्याचं. हे तीन मुद्दे कागदावर, निघायच्या आधी सही. तुमचा केटरिंगचा टेम्पो कार्यालयाच्या वाटेवर बंद पडला तर काय, पिरंगुटच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये ऑर्डरच्या आदल्या दिवशी मशीन बसलं तर काय, याचेही असेच तीन-चार मुद्दे निघतील. कोण ठरवणार, किती वेळ थांबणार, पैसे कोणाचे. पुढच्या सत्राला येताना ते लिहून आणा, मी बघणार आहे. लाल पेन घरी ठेवून येईन.

आणि एक प्रश्न. भुकूमला चहाला थांबल्यावर तो आता प्रत्येकाला एकेकट्याला बाजूला घेऊन विचारतो, 'काल-परवापासून गाडीत काही वेगळा आवाज?' कारण त्या जीपच्या मालकाने नंतर कबूल केलं, सकाळपासून खालून खण-खण येत होतं. सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली. नव्या चकचकीत गाड्यांमध्ये आपली जुनी जीप, त्यात तक्रार कशी करायची? चारचौघांत विचारलं असतं तरी तो 'सगळं ओके' असंच म्हणाला असता.

बांधाची भरपाई द्यायला हा गेला तेव्हा दुसरी बोलणीही करून आला. ड्राइव्हच्या दिवशी त्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर डिझेल भरून तयार राहतो. लागो न लागो, दिवसाचे ठरलेले पैसे मिळतात, आणि चाकं कुठल्या बाजूने जाणार हे तो ठरवतो. मुलगा शेवटच्या गाडीत बसतो, पान्यांच्या पेटीसह. परवा तोच फोन करून विचारत होता, पुढची तारीख कुठली, कारण त्याला वरच्या खाचरात लावणी करायची आहे आणि त्या दिवशी ट्रॅक्टर दोन्हीकडे लागू नये.